टेन्स यंत्र (घरगुती वापर व निगा)

टेन्स यंत्र हे त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून अत्यल्प विद्युत स्पंद देऊन वेदना कमी करणारे, तळहातात मावेल एवढे आणि बहुधा बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. ‘टेन्स’ हे ‘ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन’ या नावाचे आद्याक्षरी रूप असून ‘त्वचेवरून केलेले मज्जातंतूंचे विद्युत उद्दीपन’ असा त्याचा अर्थ होतो. बोलीभाषेत या यंत्राला ‘करंटची मशीन’ आणि उपचाराला ‘करंट घेणे’ असे म्हटले जाते. गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी, खांदा आखडणे, मासिक पाळीतील वेदना आणि मज्जातंतूंच्या काही विकारांमध्ये त्याचा वापर होतो. हे यंत्र दुखण्याचे कारण दूर करीत नाही. झिजलेला सांधा ते भरून काढत नाही किंवा सरकलेली चकती जागेवर बसवत नाही. वेदनेची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या मार्गात अडथळा निर्माण करणे एवढेच त्याचे कार्य आहे.

घरगुती वापराची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील परभणी जिल्हा हा प्रामुख्याने कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी पिकवणारा जिल्हा आहे. कापसाची वेचणी तासन्‌तास वाकून होते, खुरपणी उकिडवे बसून होते आणि वेचलेल्या कापसाचे ओझे कमरेला किंवा डोक्यावर असते. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतरही करतात. त्यामुळे कंबर, गुडघे आणि खांदे यांची दुखणी येथे केवळ म्हातारपणाची राहिलेली नाहीत. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, शेतकरी महिलांचे श्रम हलके करणाऱ्या साधनांवर संशोधन होत आले आहे, ते याच कारणाने.

अशा दुखण्यावर भौतिकोपचारतज्ज्ञ बहुधा सलग काही दिवसांचे उपचार सुचवतात. गंगाखेड किंवा जिंतूर येथून परभणी शहर सुमारे ४० किलोमीटर आहे. मजुरीवर जगणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला रोज आणि वर बसभाडे. मग उपचार अर्धवट सुटतो आणि मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर भागवले जाते. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ, सल्ल्याविना घेतल्यास जठरात व्रण होणे, रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडांना इजा होणे हे धोके असतात. उन्हात घाम गाळणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसात मूत्रपिंडांवरील ताण अधिकच वाढतो. एकदा तज्ज्ञाकडून नीट शिकून घेतलेले टेन्स यंत्र घरी वापरता येते, या गोष्टीचे महत्त्व या संदर्भात आहे. न शिकता आणलेले यंत्र मात्र बहुधा कपाटातच पडून राहते.

इतिहास

विजेने वेदना शमते हा अनुभव जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी व संधिवात यांसाठी विद्युत धक्का देणाऱ्या टॉर्पीडो माशाचा उपयोग नोंदवून ठेवला आहे. त्याला शास्त्रीय बैठक मात्र १९६५ मध्ये मिळाली. त्या वर्षी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण सिद्धांत’ मांडला. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉल आणि शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी तीव्र व जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या मज्जातंतूंना सेकंदाला १०० या गतीने विद्युत स्पंद दिले. स्पंद चालू असताना पूर्वी स्पर्शही न सोसणाऱ्या भागावर दाब दिला तरी वेदना होईना. चार रुग्णांना तर केवळ दोन मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. त्याच सुमारास अमेरिकी शल्यविशारद नॉर्मन शिली हे पाठीच्या कण्यात बसवायच्या उद्दीपकावर काम करीत होते. असा उद्दीपक कोणाला लागू पडेल हे शस्त्रक्रियेपूर्वी अजमावण्यासाठी त्वचेवरून वीज देऊन पाहिली जाई. पुढे असे आढळले की काही रुग्णांचे काम या चाचणीनेच भागते. आजचे घरगुती यंत्र हे त्या चाचणीचे वंशज होय.

भारतात भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. आरंभी त्याचा भर पोलिओग्रस्तांच्या पुनर्वसनावर होता. वेदनाशमनाची विद्युत साधने नंतरच्या दशकांत दवाखान्यांत आणि तेथून घरांत आली.

कार्यपद्धती

ठेच लागली की हात आपोआप त्या जागी जातो आणि माणूस ती जागा चोळू लागतो. चोळल्याने जखम बरी होत नाही, पण दुखणे क्षणभर ओसरते. द्वार-नियंत्रण सिद्धांत याच अनुभवाचे स्पष्टीकरण देतो. स्पर्श व दाब यांची जाणीव जाड मज्जातंतूंमधून वेगाने जाते, तर वेदनेची जाणीव बारीक तंतूंमधून सावकाश जाते. दोन्ही संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोहोचतात. तेथे जाड तंतूंचे संदेश भरपूर येऊ लागले की वेदनेच्या संदेशांना पुढे जाण्याचे दार काही अंशी मिटते. टेन्स यंत्राच्या मुंग्या म्हणजे न थकता चाललेले चोळणेच होय.

याखेरीज शरीरात स्वतःची अफूसदृश वेदनाशामक द्रव्येही असतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या कॅथलीन स्लुका आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की संथ स्पंद आणि जलद स्पंद या द्रव्यांच्या वेगवेगळ्या ग्राहकांमार्फत काम करतात. रोज एकाच पद्धतीने, एकाच तीव्रतेने वापर केल्यास काही दिवसांत परिणाम बोथट होतो, हेही याच प्रयोगांतून दिसले. औषधाची सवय व्हावी, तसाच हा प्रकार आहे.

यंत्रावर सामान्यतः तीन गोष्टी बदलता येतात. पहिली वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती स्पंद. दुसरी स्पंदाची रुंदी, म्हणजे एक स्पंद किती मायक्रोसेकंद टिकतो. आणि तिसरी तीव्रता. प्रचलित पद्धतीत वारंवारता ५० ते १०० आणि रुंदी ५० ते २०० मायक्रोसेकंद ठेवतात. यात मुंग्या जाणवतात, स्नायू हलत नाहीत आणि आराम लवकर सुरू होतो. पण यंत्र बंद केल्यावर तो फार टिकतोच असे नाही. दुसऱ्या, संथ पद्धतीत वारंवारता सेकंदाला २ ते ४ असून तीव्रता अधिक असते. स्नायू ठोके दिल्यासारखा फुरफुरतो, आराम उशिरा येतो परंतु तुलनेने अधिक रेंगाळतो.

‘करंट’ या शब्दाची धास्ती असणाऱ्यांसाठी थोडे गणित उपयोगी पडेल. २०० मायक्रोसेकंदांचे १०० स्पंद म्हणजे एका सेकंदात अवघे २० मिलिसेकंद वीज वाहते. उरलेला ९८ टक्के वेळ यंत्र स्तब्ध असते. स्पंदाच्या शिखरावरील प्रवाहही काही दशक मिलिअँपिअरच असतो. मात्र ही सुरक्षितता यंत्र घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून पूर्णपणे वेगळे असण्यावर अवलंबून आहे. म्हणून चार्जिंगचे यंत्र चार्जरला जोडलेले असताना पट्ट्या अंगावर लावू नयेत, मग वीज केव्हाही जाण्याची कितीही घाई असो.

स्नायू आकुंचित करणारी उद्दीपके (ईएमएस), दवाखान्यातील आयएफटी आणि उष्णता देणारी डायथर्मी ही टेन्सहून वेगळी साधने आहेत. बाजारात ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

उपयुक्ततेबाबतचे पुरावे

या विषयावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही आणि विक्रेते ते सांगत नाहीत. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी, २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स देऊ नये, अशा शिफारशी केल्या. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०१२ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी या यंत्राचा खर्च देणे सर्वसाधारणपणे थांबवले. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याने जुनाट वेदनेबाबत ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे म्हटले. याउलट, २०२२ मध्ये मार्क जॉन्सन व सहकाऱ्यांनी ३८१ चाचण्या एकत्र तपासल्या. यंत्र चालू असताना आणि बंद केल्यानंतर लगेच वेदना खोट्या उपचारापेक्षा कमी होते, असे त्यांना आढळले. अमेरिकन मज्जाविकार अकादमीने २०१० मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी टेन्स नाकारले, पण मधुमेहातील मज्जातंतूंच्या वेदनेसाठी विचारात घ्यावे असे सुचवले.

ही मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. अनेक जुन्या चाचण्यांत तीव्रता इतकी कमी ठेवलेली होती की जेमतेम मुंग्या याव्यात. काहींत वेदना मोजली ती यंत्र काढून बऱ्याच वेळाने. टेन्सचा परिणाम चालू असतानाच सर्वाधिक असतो, ही बाब ध्यानात घेतली तर अपेक्षा योग्य जागी येतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फायब्रोमायल्जिया असलेल्या ३०१ स्त्रियांच्या चाचणीत यंत्र हालचाल करताना वापरावयास सांगितले होते आणि चार आठवड्यांनंतर हालचालीच्या वेळची वेदना खऱ्या यंत्राच्या गटात अधिक घटली. गुडघ्याचे व्यायाम दुखण्यामुळे टाळणाऱ्या व्यक्तीने पट्ट्या लावून व्यायाम करणे हा यंत्राचा बहुधा सर्वात शहाणपणाचा उपयोग होय. पट्ट्या लावून स्वस्थ पडून राहणे नव्हे.

कोणी वापरू नये

हृदयात पेसमेकर किंवा तत्सम विद्युत उपकरण बसवलेल्या व्यक्तींनी हृदयरोगतज्ज्ञाच्या स्पष्ट परवानगीखेरीज टेन्स वापरू नये. अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याविना ते वापरू नये. गर्भारपणात पोट व ओटीपोटावर पट्ट्या लावणे टाळले जाते. कर्करोगाची गाठ, पायातील रक्तवाहिनीतील गुठळी, उघडी जखम, इसब किंवा संसर्ग झालेली त्वचा या जागा वर्ज्य आहेत. गळ्याच्या पुढच्या व बाजूच्या भागावर पट्टी कधीही लावू नये, कारण तेथील उद्दीपनाने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो किंवा घशाचे स्नायू आवळले जाऊ शकतात. डोळ्यांवर, तोंडात आणि छातीच्या आरपार, म्हणजे एक पट्टी पुढे व एक मागे अशी, लावण्यासही मनाई आहे. वाहन, ट्रॅक्टर किंवा कडबाकुट्टी यंत्र चालवताना, स्नान करताना आणि झोपेत ते वापरू नये.

मधुमेहींची बाब वेगळी सांगितली पाहिजे. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांना वीज जास्त झाल्याचे कळतच नाही आणि त्वचा भाजू शकते. पट्टी लावण्यापूर्वी डोळे मिटून त्या जागी कापसाचा स्पर्श आणि बोथट टोकाचा स्पर्श ओळखता येतो का, तसेच गार व कोमट यांतील फरक कळतो का, हे घरच्या दुसऱ्या माणसाने तपासावे. कळत नसेल तर त्या जागी टेन्स लावू नये.

सर्वांत गंभीर धोका यंत्राचा नसून त्याने दबलेल्या दुखण्याचा आहे. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता येणे, पायातील शक्ती जाणे. दुखण्यासोबत ताप किंवा अकारण वजन घटणे. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे यांवर ‘करंट’ घेत बसणे म्हणजे निदानाला उशीर करणे होय. छातीत किंवा डाव्या हातात कळ येत असेल तर यंत्राकडे वळूही नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

घरी वापरण्याची रीत

पट्टी लावण्याची जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. ग्रामीण भागात दुखऱ्या सांध्याला आधी तेल किंवा बाम चोळण्याची पद्धत आहे. तेलाचा थर विजेला अडवतो आणि पट्टीचा चिकटपणा कायमचा घालवतो. बाम लावायचाच असेल तर तो यंत्र काढल्यानंतर, त्वचा पाहून, काही वेळाने लावावा. दाट केस असतील तर कात्रीने कमी करावेत. वस्तरा फिरवून लगेच पट्टी लावल्यास आग होते. पट्टीच्या आसपासचे धातूचे दागिने, कमरेची चांदीची साखळी किंवा पायातील पैंजण काढून ठेवावेत.

यंत्र बंद असतानाच तारा जोडाव्यात, पट्ट्या लावाव्यात आणि तीव्रता शून्यावर आहे याची खात्री करून मगच ते सुरू करावे. गुडघ्यासाठी पट्ट्या वाटीच्या दोन्ही बाजूंस किंवा वर व खाली लावतात. वाटीवरच लावत नाहीत. कंबरेसाठी त्या मणक्याच्या हाडावर न लावता दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर लावतात. दोन पट्ट्यांत निदान अडीच सेंटिमीटर अंतर असावे. त्या एकमेकींना टेकल्या तर वीज शरीरात न शिरता पृष्ठभागावरूनच निघून जाते. दुखणे पायात उतरत असेल तर एक पट्टी कमरेजवळ आणि दुसरी त्या वाटेवर खाली अशी मांडणी तज्ज्ञ सुचवतात.

तीव्रता हळूहळू वाढवत ‘जोरदार पण सुखावह’ अशा बिंदूवर आणावी. अगदी मंद मुंग्यांनी फारसा लाभ होत नाही, आणि वेदना होईल इतकी वाढवूनही नाही. दहा-पंधरा मिनिटांत जाणीव कमी झाल्यासारखी वाटते. तेव्हा एखादा टप्पा वाढवावा. साधारण ३० ते ६० मिनिटांचा एक प्रयोग पुरतो. पुढच्या वेळी पट्टी किंचित सरकवून लावल्यास त्वचेला विसावा मिळतो. काढल्यावर त्वचा थोडी गुलाबी दिसणे स्वाभाविक आहे. लाली तासाभरात न गेल्यास किंवा फोड, खाज आल्यास वापर थांबवावा. १९९५ मध्ये एका लहान अभ्यासात २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर टेन्सचा परिणाम घटल्याचे आढळले होते. एवढे कॅफीन साधारण चार-पाच कप चहात असते. एका कपासाठी कोणी चिंता करण्याचे कारण नाही.

निगा

यंत्रात सर्वांत आधी खराब होते ती पट्टी. स्वयंचिकट पट्टीवरील पारदर्शक थर पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा असतो आणि त्या ओलाव्यातूनच वीज समान पसरते. परभणीत मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पत्र्याच्या घरात ते त्याहून अधिक असते. उघडी राहिलेली पट्टी अशा हवेत लवकर पापडासारखी कडक होते. डिसेंबर-जानेवारीत उलट रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते, त्वचा कोरडी पडते आणि चांगली पट्टीही नीट वीज देत नाही. अशा वेळी त्वचा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

वापर झाल्यावर पट्टी कडेला धरून सोलावी, तार ओढून नव्हे. तिच्या चिकट बाजूवर बोटाने पाण्याचा एक-दोन थेंब पसरावा, मूळच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर ती चिकटवून पिशवी बंद करावी आणि माठाजवळच्या किंवा तशाच गार, सावलीच्या जागी ठेवावी. ती पाण्याखाली धुऊ नये. अशी जपलेली पट्टी साधारण २० ते ३० वेळा चालते. तिच्या कडा सुटू लागल्या की ती टाकावी, आणि येथे काटकसर महागात पडते. पाच सेंटिमीटर लांब-रुंद पट्टीचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर असते. ती अर्धी सुटली तर तेवढीच वीज साडेबारा चौरस सेंटिमीटरमधून जाते, म्हणजे त्वचेवरील भार दुप्पट होतो. एका कोपऱ्यात मुंगी चावल्यासारखी टोचणी ही त्याची खूण असते. सुटलेली पट्टी चिकटपट्टीने दाबून बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

काळ्या रबरी पट्ट्या अधिक टिकाऊ असतात. त्यांना विद्युतवाहक जेल लावून चिकटपट्टीने बसवावे लागते आणि प्रत्येक वापरानंतर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे लागते. जेलऐवजी व्हॅसलीन वापरू नये. ते विजेला अडवते. घरात दोघांना दुखणे असेल तर यंत्र एक चालेल, पट्ट्या मात्र ज्याच्या त्याच्या असाव्यात. सासूची पट्टी सुनेने लावली की त्वचेचा संसर्गही सोबत येतो.

तारा बहुधा पिनेजवळ तुटतात. त्या घट्ट गुंडाळू नयेत. सैल वेटोळे करून ठेवाव्यात आणि काढताना पीन धरूनच ओढाव्यात. यंत्र बॅटरी काढून, किंचित ओलसर फडक्याने पुसावे. सुट्या बॅटऱ्यांचे यंत्र महिनाभर वापरणार नसल्यास त्या काढून ठेवाव्यात, अन्यथा त्या पाझरून आतील पत्रे गंजवतात. अंतर्गत बॅटरीचे यंत्र अधूनमधून चार्ज करावे आणि उन्हात तापलेल्या वाहनात ठेवू नये.

बिघाड ओळखणे

यंत्राचा दिवा लागतो पण मुंग्या येत नाहीत, ही सर्वांत नेहमीची तक्रार असते. आधी बॅटरी बदलून पाहावी; क्षीण बॅटरीवर दिवा लागतो, पण पुरेसा जोर मिळत नाही. त्यानंतर पट्ट्या ओलसर आहेत का ते पाहावे. दोन जोड्यांच्या यंत्रात चालणाऱ्या जोडीची तार बंद जोडीला लावावी. दोष तारेबरोबर सरकला तर तार खराब. जागीच राहिला तर यंत्र. मुंग्या मध्येच येऊन जात असतील तर तार पिनेजवळ तुटल्याचा संशय घ्यावा. एकाएकी जोराचा झटका बसल्यास, बॅटरी फुगल्यास किंवा यंत्र तापल्यास ते वापरणे थांबवावे आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे उघडायला न देता उत्पादकाकडे पाठवावे, कारण आतील मर्यादक मंडल बदलले गेले तर तीव्रतेवर भरवसा राहत नाही.

खरेदी

१ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कक्षेत आली असून ‘वैद्यकीय उपकरण नियम, २०१७’ त्यांना लागू होतात. त्यामुळे वेष्टनावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता व परवाना क्रमांक असणे अपेक्षित आहे. वारंवारता व स्पंदरुंदी आकड्यांत दाखवणारे, दोन जोड्यांचे, वेळ संपल्यावर आपोआप बंद होणारे आणि ज्याच्या पट्ट्या स्थानिक दुकानात मिळतात असे यंत्र घ्यावे. पट्ट्या मिळाल्या नाहीत तर यंत्र निरुपयोगी ठरते. यंत्रे साधारण एक हजार ते काही हजार रुपयांत मिळतात. शक्य असल्यास आधी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे दोन-तीन वेळा टेन्स घेऊन पाहावे. तेथेच अजिबात फरक पडला नाही तर पैसे खर्च करू नयेत. ‘गुडघा नवा करतो’, ‘मधुमेह घालवतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही.